सतराव्या चौकटीतला काळा कण

संस्थेत तिला सगळे भिंगबाई म्हणत. हे नाव कोणी पाडलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं, आणि तिच्याही ते इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी सासूबाईंनी खऱ्या नावाने हाक मारली तर ती क्षणभर इकडेतिकडे बघायची. काम म्हणाल तर धूळ बघण्याचं. धूळ झाडणाऱ्या बाया जगात पुष्कळ, धूळ निवडणारी ही एकच, असं तिचा नवरा चारचौघांत ऐटीत सांगायचा, आणि वर जोडायचा, "घरातली मात्र दिसत नाही हो तिला."

संस्थेच्या गच्चीवर चार उथळ ट्रे होते. प्रत्येकात एक चिकट कागद. आभाळातून जे पडेल ते त्या कागदाने झेलायचं आणि चोवीस तासांनी भिंगबाईने तो कागद खाली आणून नवा घालायचा. मग भिंगाच्या खोलीत कागदावर बारीक रेषांची काच ठेवायची, की त्याच्या शंभर चौकटी होत. पहिल्या चौकटीपासून शंभराव्यापर्यंत एकेक चौकट डोळ्याखालून घालायची. काजळी, वाळूचे कंगोरे, पंखांवरची पूड, फुलांचे परागकण, कोणाच्या तरी कपड्याचा निळा धागा. या सगळ्यात ती शोधायची फक्त गोल गोष्ट.

कारण धूळ गोल नसते. फुटलेली, झिजलेली, कुरतडलेली वस्तू कधी गोल नसते. परागकण असतात गोल, पण त्यांच्यावर काटे नाहीतर कोरीवकाम असतं, ते लपत नाही. बाकी जे गुळगुळीत गोल आहे ते कधीतरी वितळलेलं आहे आणि हवेत असतानाच निवलेलं आहे. ही गोष्ट तिला कोणा शास्त्रज्ञाने शिकवली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी नवऱ्याने शिकवली होती. तो वेल्डर. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. एकदा जमिनीवरच्या ठिणग्यांची राख तळहातावर घेऊन तो म्हणाला होता, "हे बघ. लोखंड उडालं की हवेत एकटं पडतं. एकट्याला कोणी ओढायला नसतं, कोणी ढकलायला नसतं, मग ते आपलं आपल्यात गोळा होऊन बसतं. माणसासारखंच."

तेव्हा ती घड्याळांच्या कारखान्यात होती. चाकांच्या आसांच्या टोकाखाली बसवायचे माणिकखडे, मोहरीपेक्षा लहान, ते निवडायची. पुढे संस्थेच्या भिंगावरची जागा रिकामी झाली आणि डोळे बघून तिला घेतलं. जागा रिकामी कशी झाली तेही सांगायला हवं. आधीच्या भिंगवाल्याच्या बाहीवरची सिगारेटची राख कागदावर पडली होती. त्याला त्याच दिवशी दुपारी उठवलं. भिंतीवर नियमच लावलेला होता: बाहेरची धूळ आत आणणारा भिंगावर बसणार नाही. त्या नियमाने तिला ही खुर्ची दिली होती, आणि या खुर्चीवर तिचा जीव होता. एका डोळ्याने भिंगात उतरलं की दुसरं जग सुरू व्हायचं. वाळूच्या कणांचे कडे, काजळीचे ढग, परागकणांची पिवळी गावं. पाच वाजता तिथून परत येणं तिच्या जिवावर यायचं.

गोल कण का शोधायचे हे साहेबांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. साहेब म्हणजे संस्थेचे प्रमुख, बोलताना हातात पेन्सिल नसली तर गोंधळणारे.

"समजा, बाई, कुठेतरी लांब अणुबॉम्ब उडवला. उंच लोखंडी मनोऱ्यावर ठेवून. पहिल्या क्षणी काय उरतं?"

"राख?"

"राखसुद्धा नाही. राख व्हायलाही जळावं लागतं. तिथे नुसती वाफ. बॉम्बची वाफ, मनोऱ्याची वाफ, खालच्या मातीची वाफ. धगधगता गोळा. त्यात आधी काय कुठे होतं ते कोणाला ओळखू येणार नाही. मग तो फुगतो, वर चढतो, निवायला लागतो. तेव्हा वाफेचे थेंब होतात. लोखंडाचे, मातीचे. थेंब निवला की कण. आणि अणू फुटून जे तुकडे झालेले असतात, ते या कणांना धरून बसतात. ते किरणं सोडत राहतात. हे कण वाऱ्याबरोबर निघतात. मोठे जवळच पडतात, बारीक आपल्या गच्चीपर्यंत येतात."

"म्हणजे ठिणगीच," भिंगबाई म्हणाली.

साहेबांनी पेन्सिल थांबवली. "हो. ठिणगीच. पण अख्ख्या मनोऱ्याची."

तर असं चाललं होतं. आणि त्या महिन्यात समुद्रापलीकडे कुठल्याशा वाळवंटात चाचणी झाल्याची बातमी आली. बाराव्या दिवशी गच्चीवरच्या एका कागदावर भिंगबाईला गोल कण दिसले. एक, दोन, मग पाच, मग रांगच लागली. तिने शंभर चौकटी दोनदा बघितल्या. एकसष्ट. तीन काचेसारखे पिवळट, बाकी सगळे काळे, चकचकीत. सुईच्या टोकाला चुंबक लावून बघितलं तर काळे कण चुंबकाकडे ओढले जात होते.

"मनोऱ्याचं लोखंड," साहेब हळू आवाजात म्हणाले. किरणं मोजणारं यंत्र फारसं टिकटिकत नव्हतं, पण साहेबांनी ते बाजूला सारलं. "यंत्र म्हातारं झालंय, बाई. तुमचे डोळे नाहीत झाले." सोमवारी सकाळी अहवाल जायचा होता. त्यात लिहिलं होतं की गुरं गोठ्यात बांधा, गवत खाऊ देऊ नका, महिनाभर सगळं दूध ओतून द्या. कारण त्या तुकड्यांतलं आयोडीन गवतावर बसतं, गवतातून दुधात उतरतं आणि दुधातून लेकरांच्या गळ्याशी जाऊन थांबतं.

रविवारी सकाळी भिंगबाई अंगणात सासूबाईंच्या गुडघ्याला टेकून बसली होती. सासूबाई तिचे केस विंचरत होत्या. हा दोघींचा जुना शिरस्ता. भांडण असो की गोडी, रविवारी फणी चुकायची नाही. ऊन कोवळं होतं. डोळे मिटले की पापण्यांच्या आत तांबडं दिसत होतं, आणि त्या तांबड्यात तिला संथपणे वर चढणारा एक गोळा दिसत होता.

"काय गं, डोक्यात वाळू घालून फिरतेस की काय?" सासूबाई म्हणाल्या. "फणी करकरतेय नुसती."

"कोंडा असेल."

"कोंडा ओळखू येतो मला. चाळीस वर्षं डोकी विंचरतेय. हे टोचतंय."

भिंगबाईने डोळे उघडले. पदर पसरावा तसा तिने एक पांढरा कागद मांडीवर पसरला आणि म्हणाली, "झटका बघू इथे." मग उठून घरातलं हातभिंग आणलं.

कागदावर काळे, चकचकीत गोळे होते. लहान, मोठे, त्याहून लहान.

"उवा आहेत का?" सासूबाईंनी मान पुढे केली.

"नाही, आई. लोखंड आहे."

"अगं बाई. मग माझ्या लेकाचंच असणार. दुसरं काय आणतो तो घरी."

भिंगबाईने भिंग खाली ठेवलं. मिस्त्रीचं वर्कशॉप संस्थेच्या मागच्या भिंतीला लागून होतं. रोज दुपारी एक वाजता ती डबा घेऊन तिथे जायची. दोघं लाकडी खोक्यावर बसून जेवायची. शेजारच्या बाकावर मदतनीसांचं काम चालूच असे, ठिणग्या उडत, धूर डोक्यावरून जाई. दीड वाजता ती हात धुऊन उठायची आणि थेट गच्चीवर जाऊन चिकट कागद बदलायची. ट्रेवर वाकून. सात वर्षं. हात ती रोज साबणाने धुवायची. डोकं धुवायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच. आणि इतकी वर्षं हे ध्यानात कसं आलं नाही, तर एरवी एखाददुसरा कणच पडत असणार; गेल्याच आठवड्यापासून वर्कशॉपमध्ये एका मोठ्या टाकीचं काम निघालं होतं, ठिणग्यांचा नुसता पाऊस चालला होता.

मिस्त्री मागच्या दारी सायकलची साखळी पुसत होता. तिने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, साखळी पुसत राहिला.

"सांगितलंस तर उठवतील तुला," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर उद्यापासून दूध गटारात. तुझ्या ठिणग्यांपायी."

"माझ्या ठिणग्यांना एवढा मान कधी मिळाला नव्हता." त्याने फडकं खाली ठेवलं. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. चल, मी पण येतो. माझा माल मी ओळखीन."

"आधी डोकं धू," ती म्हणाली. मग स्वतःही धुतलं, दोनदा, आणि ओल्या केसांवर रुमाल घट्ट बांधला. डोक्यातून झटकलेल्या कणांची पुडी केली आणि पिशवीत ठेवली.

साहेब रविवार असूनही संस्थेतच होते, अहवालाची शेवटची पानं लिहीत. भिंगबाईने उभ्याउभ्या सांगितलं. आढेवेढे घेतले नाहीत. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली, परत उचलली. भिंतीवरच्या नियमाकडे त्यांनी बघितलं नाही आणि तिनेही बघितलं नाही, पण तो खोलीत तिसऱ्या माणसासारखा उभा होता.

"सगळे एकसष्ट?" त्यांनी विचारलं.

"ते ठाऊक नाही, साहेब. म्हणून तर यांना आणलंय."

मिस्त्रीने भिंगाला डोळा लावला. आधी पुडीतले, स्वतःच्या वर्कशॉपचे पक्के कण बघून घेतले. मग कागद. भिंगबाई शेजारून चौकटी सरकवत होती.

"हा माझा. याच्या अंगावर बघा, काचेची साय आहे. वेल्डिंगच्या सळीवर लेप असतो, त्याची. हा माझा. हाही. हे दोघे चिकटलेले, माझेच, जुळे." तो सावकाश बोलत होता, जत्रेत हरवलेली पोरं ओळखावीत तसा. मग पिवळट कणापाशी थांबला. बराच वेळ बघत राहिला. "हा माझा नाही."

"कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"माझ्याकडे माती वितळत नाही, साहेब. माझ्याकडे तेवढा जाळ नाही."

तिघे पिवळे त्याचे नव्हते. उरलेले अठ्ठावन्न त्याने आपल्या नावावर घेतले. तीन कण आणि यंत्राची अर्धवट टिकटिक, दोन्ही आता एकमेकांशी जुळत होतं. साहेबांनी अहवालाची चार पानं फाडली आणि नव्याने लिहायला घेतलं: थोडे कण आले आहेत, रोज मोजत आहोत, दूध ओतू नये, तपासत राहावं. मग म्हणाले, "पण माणसाची साक्ष पुरत नाही. फिल्म लावू." म्हणजे कागदाला फोटोची कोरी फिल्म चिकटवून अंधाऱ्या पेटीत ठेवायची. ज्या कणातून किरणं निघतात तो फिल्मवर आपला डाग उमटवतो. वेल्डिंगचा कण मुका. डाग उमटायला आठ दिवस लागतात.

"आणि बाई," साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून तुम्ही धुण्याच्या खोलीत. ग्रंथालयातले ते चष्मेवाले गृहस्थ बसतील भिंगावर. फिल्म येऊ दे, मग बघू काय ते."

"बरं," ती म्हणाली.

ते आठ दिवस. धुण्याच्या खोलीत एकच खिडकी, तिच्यावर वाफ. भिंगबाई काचेच्या बाटल्या गरम पाण्यातून काढायची आणि उलट्या टांगायची. खोली वाफेने भरायची, भिंती दिसेनाशा व्हायच्या, आणि हात आपोआप चालत असताना तिचं मन भिंगात उतरायचं तसंच उतरायचं, पण भिंगाशिवाय.

तिला वाटायचं, आपणही त्या गोळ्यात आहोत. सगळं वाफ आहे. मनोरा नाही, वाळवंट नाही, वर नाही, खाली नाही. मग कुठूनतरी गारवा येतो. जे मूलद्रव्य सगळ्यात हट्टी, ज्याला सगळ्यात जास्त जाळ लागतो, ते आधी थिजतं. लोखंडाचा, मातीचा थेंब होत असतानाच ते त्याच्या पोटात शिरून बसतं. थेंब गोल होतो, कडक होतो, दार लागतं. पण सगळ्यांना तेव्हा यायचं नसतं. फुटलेल्या अणूंचे काही तुकडे हवेसारखेच जन्मलेले, कशालाही न धरणारे. ते तसेच तरंगत राहतात, घटकाभर, आणि तरंगता तरंगता आतल्या आत बदलून दुसरंच काहीतरी होतात. मग त्यांना टेकायला जागा हवी होते. तोवर घरं बंद झालेली असतात. ते बाहेरच्या भिंतीवर बसतात, सायीसारखे. आणि खालून उशिरा ओढली गेलेली वाळू, जिला वितळायलाही मिळालं नाही, तिच्याही अंगावर बसतात. पोटातले आणि पाठीवरचे. गवतावर पाऊस पडला की पाठीवरचे आधी धुऊन निघतात. पोटातले वर्षानुवर्षं आत गुणगुणत बसतात.

बाटलीवरून पाण्याचा थेंब घरंगळायचा आणि ती भानावर यायची. खिडकीच्या वाफेवर थेंब धरलेले असायचे, सगळे गोल. जेवणाला आता ती संस्थेच्या पायरीवरच बसायची, आणि मिस्त्री पलीकडे एकटा.

"कसं वाटतं एकट्याने?" तिने एकदा घरी विचारलं.

"चव लागत नाही भाकरीला," तो म्हणाला. "माशी बसते फक्त. ती बोलत नाही."

नवव्या दिवशी साहेबांनी तिला धुण्याच्या खोलीतून बोलावलं. फिल्म उजेडाच्या काचेवर होती. चष्मेवाले घामाघूम होऊन बाजूला उभे होते.

"मोजा," साहेब म्हणाले.

पिवळ्या कणांचे तीन डाग तिला लगेच दिसले. चौथाही दिसला. सतराव्या चौकटीत.

"तिथे पिवळा कण नाही," ती म्हणाली.

"नाही. तिथे सात काळे आहेत, दाटीवाटीने. मिस्त्रींनी सातही आपले म्हणून सांगितले. त्यातला एक बोलतोय. कुठला ते वेगळं काढायचंय." साहेबांनी चष्मेवाल्यांकडे बघितलं. "यांचे हात थरथरतात."

"मी पुस्तकांचा माणूस आहे हो," चष्मेवाले म्हणाले. "पानं उलटायला सांगा, पाचशे उलटतो."

भिंगबाईने हात धुतले, डोक्याचा रुमाल तपासला आणि खुर्चीवर बसली. सुई घेतली, तिच्या टोकाला डिंकाचा इतका बारीक थेंब लावला की तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हता. भिंगात सतरावी चौकट वर आली. सात काळे गोळे, कसेही बघा, सारखेच. श्वास अर्धा सोडून थांबवला आणि पहिला कण उचलला. साहेब तो काचेवर घेऊन यंत्रापाशी गेले. काही नाही. दुसरा. तिसरा. चौथ्याला तिचा हात जरा हलला आणि कण काजळीत पडला. तो पुन्हा शोधायला तिला पाव तास लागला. पाचवा कण यंत्राखाली गेला आणि म्हातारं यंत्र टिकटिकायला लागलं.

तिने तो परत मागून घेतला आणि भिंगाखाली बघितला. काळा, गुळगुळीत, अंगावर काचेची पुसट साय. मिस्त्रीच्या पुडीतल्या कणाशेजारी ठेवला तर तिला तरी फरक सांगता आला नसता.

संध्याकाळी तिने घरी सांगितलं. मिस्त्री बूट काढत होता.

"पाचवा? मी माझा म्हणालो तो?"

"हो. मनोऱ्याचा निघाला."

"साय होती त्याच्यावर?"

"होती. साहेब म्हणाले, मातीची असेल, वितळून बसलेली."

"असेल." एक बूट हातात तसाच धरून तो बसून राहिला. "किंवा जोडावरची असेल. लोखंडी मनोरा म्हणजे जोड आलेच. शेकडो. कोणीतरी उंचावर चढून, तोंडासमोर काळी काच धरून, एकेक जोड घातला असणार."

"सगळी वाफ झाली होती रे. कुठला जोड आणि कुठलं काय. काही ओळखू येत नाही त्यात."

"मला आलं की. मी माझा म्हणालो." त्याने हातातला बूट फिरवून बघितला. "वर काय ठेवणार आहेत ते त्याला सांगितलं होतं की नाही कोण जाणे. आपल्याला टाकी सांगतात, आपण टाकी जोडतो."

सासूबाई आतून म्हणाल्या, "बूट घालतोयस की काढतोयस? एक काय ते ठरव."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगबाई संस्थेच्या व्हरांड्यात क्षणभर घुटमळली. डावीकडे धुण्याची खोली, उजवीकडे भिंगाची. कोणी काही सांगितलं नव्हतं. उजवीकडचं दार उघडं होतं. चष्मेवाले आत नव्हते. भिंतीवरच्या नियमाखाली साहेबांच्या अक्षरात, शाईने, दोन ओळी वाढल्या होत्या. भिंगावर बसणाऱ्याने गच्चीवरचे कागद बदलू नयेत. मागच्या वर्कशॉपमध्येही रोज एक चिकट कागद ठेवावा आणि तोही मोजावा.

टेबलावर दोन कागद ठेवले होते. एक गच्चीचा, एक वर्कशॉपचा, आणि दुसऱ्याच्या कोपऱ्यावर मिस्त्रीचा काळा अंगठा उमटलेला. तिने आधी तोच घेतला, कारण ओळखीच्यापासून सुरुवात केलेली बरी. रेषांची काच वर ठेवली. पाठीमागून साहेब आले, काहीतरी शोधलं, पेन्सिल घेतली आणि गेले. तिला ऊठ म्हणाले नाहीत. तिने एक डोळा मिटला आणि पहिल्या चौकटीत उतरली.